जिम्नॅस्टिक्स, भंडाऱ्याला येताना हात घेऊन ये

प्रिय जिम्नॅस्टिक्स,



मी मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, म्हणजे पोरांच्या भाषेत पीटीची मॅडम. तुझी-माझी ओळख बी.पी.एड.च्या वर्षापासूनची, पण सलगी अशी कधी झाली नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात तू येतंस ते चार वर्षांतून एकदा, ऑलिंपिकच्या दिवसांत, टीव्हीवर. त्या पंधरवड्यात पोरी पायाची बोटं ताणून वऱ्हांड्यातून चालतात, दोन्ही हात वर करून न दिसणाऱ्या परीक्षकांना सलामी देतात, आणि पोरं ओट्यावरून उड्या मारून गुडघे फोडून घेतात. पुढे कबड्डीचे सामने लागले की तुझं नाव कुणाच्या तोंडी राहत नाही.

अलीकडे तू मोबाइलवरही यायला लागलंस. रीलमध्ये. एक पोरगा पळत येतो, हवेत उलटा फिरतो, दोन पायांवर उभा राहतो, मागे गाणं वाजत असतं आणि खेळ खलास. तेवढं बघून नववी-दहावीची पोरं नदीकाठच्या वाळूत बॅकफ्लिप मारायला जातात. वैनगंगेची वाळू मऊ, असा त्यांचा ठाम समज. पाण्यालगतची ओली वाळू दगडासारखी बसलेली असते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतात, "मॅडम, तुम्ही उगाच भेव दाखवता जी."

माझी तक्रार इथूनच सुरू होते. तू सगळीकडे स्वतःचं शेवटचं पान दाखवत फिरतंस. पहिलं पान कुठं आहे, ते कुणी उघडायचं आणि उघडताना शेजारी कोण असायला हवं, याबद्दल तुझ्या त्या झगमगीत प्रक्षेपणात अवाक्षर नसतं.

त्यामुळे आमच्याकडे पालकांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांची समजूत एकच: जिम्नॅस्टिक्स म्हणजे सामान. सामान नाही, म्हणून जिम्नॅस्टिक्स नाही. आता तुझं सामान मलाही ठाऊक आहे. पुरुषांची सहा साधनं, बायकांची चार. फ्लोअर १२ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, खाली स्प्रिंगा. बीम ५ मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटिमीटर. हे सगळं मांडायचं तर आमच्या शाळेच्या चार वर्गांमधल्या भिंती पाडाव्या लागतील. नागपूरला मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल आहे, पण आमच्या गावातून सकाळी निघालेलं पोर तिथं सराव करून परत येईपर्यंत दिवस मावळतो, आणि रोजचा एसटीचा खर्च कोण करणार? शेवटी सामान येईल तेव्हा बघू, असं म्हणून एकेक बॅच दहावी होऊन निघून जाते.

माझं म्हणणं असं की पहिल्या वर्षी तुझ्या त्या साधनांपैकी एकही लागत नाही. एक बऱ्यापैकी जाड मॅट लागते, मग ती जुन्या पद्धतीची काथ्याची का असेना. एक भिंत लागते. आणि एक हात लागतो, जाणत्या माणसाचा. मॅट वर्गणीतून येते, भिंत प्रत्येक शाळेला असते. अडतं ते तिसऱ्या गोष्टीपाशी.

नवख्या पोराला मी पहिल्या दिवशी कोलांटी देत नाही. आधी उतरायला शिकवते. वर्गातला बुटका बाक मैदानात आणायचा, त्यावरून खाली उडी. दोन्ही पाय एकदम टेकायचे, गुडघे थोडे वाकलेले आणि पंजांच्या रेषेत, हात पुढे, नजर समोर, आणि तसंच थांबायचं. मी तीन म्हणेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. पोरांना हे फार कंटाळवाणं वाटतं. "मॅडम, पलटी कवा?" हा प्रश्न पहिल्या तासालाच येतो. पण ज्याचे गुडघे उतरताना आत वळतात त्याला मी पुढचं काहीही देत नाही, कारण तुझ्यातली प्रत्येक उडी कधी ना कधी जमिनीवर येतेच.

मग कोलांटी, म्हणजे आमच्या तासाच्या भाषेत फ्रंट रोल. मॅटच्या एका टोकाखाली दुसरी मॅट दुमडून सरकवली की उतार तयार होतो आणि उतारावर शरीर आपोआप पुढे जातं. मुलीनं उकिडवं बसायचं. तळवे खांद्यांइतक्या अंतरावर, बोटं पसरलेली. हनुवटी छातीला. हनुवटीखाली मी पळसाचं पान धरायला देते. पान गळून पडलं की समजायचं, मान सुटली. मग कंबर उचलायची, इतकी की पाय जवळजवळ सरळ व्हावेत, आणि वजन हातांवर घेत डोकं आत ओढून खांद्यांच्या मागचा भाग मॅटला टेकवायचा. टाळू टेकता कामा नये. पाठ गोल राहिली तर बाकीचं वजनच करतं. सगळे फसतात ते शेवटी, उभं राहताना. टाचा बुडाजवळ ओढलेल्या नसल्या की मूल मॅटवर बसकण मारतं, दोन्ही हात मागे टेकतं, आणि मग ओशाळं हसतं.

या वेळी मी कुठे असते? शेजारी, गुडघ्यावर. माझा एक तळवा तिच्या डोक्यामागे, दुसरा मांडीच्या मागच्या बाजूला. पहिला हात मान आत ठेवतो, दुसरा वजन पुढे नेतो. सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचं काम. हात आधीच लावून बसलं तर मूल निवांत माझ्यावर भार टाकतं आणि काही शिकत नाही. उशीर झाला तर भार मानेवर जातो. दहा-बारा वेळा झाल्यावर मांडीचा हात काढायचा, नंतर कधीतरी डोक्यामागचा. काढायचा म्हणजे दूर न्यायचा नाही, चार बोटांवर ठेवायचा. मुलीला कळूही नये की मघाशी हात होता आणि आता नाही. हे मला पुस्तकातून आलेलं नाही. आमच्या कॉलेजात एक बाई होत्या, त्यांच्या हातांकडे बघत मी शिकले. त्यांची बोटं आखूड आणि जाड होती, पण कुणाच्या पाठीला लागली तर लागली हे समजत नसे.

भिंतीचं काम हँडस्टँडला. पोट भिंतीकडे करून पाय भिंतीवर चढवत न्यायचे, हात हळूहळू भिंतीजवळ सरकवायचे, खांदे कानांपर्यंत ढकलायचे, पोट आत. त्याआधी मनगटं नीट फिरवून, दाबून गरम करायची; वाढत्या वयात मनगटाच्या हाडांची टोकं कच्ची असतात, दुखायला लागलं की त्या दिवशी हातावरचं काम बंद. माझ्या भिंतीवर सगळीकडे पायांचे ठसे आहेत. हेडमास्तरांनी एकदा ते पाहुण्यांसमोर पाहिले आणि नंतर मला बोलावून विचारलं, "मॅडम, पोट्टे भिंतीवर चालतात काय?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण दिवाळीत ती भिंत गेरूने रंगवून घेतली.

बॅक रोल, कार्टव्हील, कमान, एका पायावरचा तोल, पंजे ताणून केलेले टक, पाइक आणि स्ट्रॅडल, एवढ्यात पहिलं वर्ष सहज जातं. ते वर्षही पुरं मिळत नाही म्हणा. जुलैत रोवणी लागली की वर्ग अर्धा होतो. मोठ्या पोरी आयांबरोबर धानाच्या बांधीत असतात, लहान्या घरी धाकट्यांना सांभाळतात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या पोरीला कमरेतून पुढे वाक हे शिकवावं लागत नाही, गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला लागतात तिचे. तिला शिकवावी लागते ती उलटी कमान, छाती उघडणं, खांदे मागे नेणं. शहरातल्या कोचांना हा अनुभव बहुधा उलटा येत असेल.

धान चुरून झालं की गावाच्या कडेला तणशीचे ढीग लागतात, आणि तुझी आमच्याकडची जुनी शाळा तिथे भरते. पिढ्यान् पिढ्या पोरं तणशीत पलट्या मारत आली. शहरात फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा असतो, त्यात मुलं अवघड उड्यांचा सराव करतात. तणस हा आमचा फुकटचा खड्डा. आता हार्वेस्टर फिरायला लागल्यापासून ढीगही कमी झालेत. मला तणशीबद्दल माया आहे, पण ती शिक्षक म्हणून लबाड आहे. पाठीवर पडा, मानेवर पडा, बाजूला पडा, ती सगळ्यांना सारखंच झेलते आणि चुकलं कुठे हे सांगत नाही. पोराला वाटतं, आपल्याला जमलं. मग तेच जमिनीवर करायला जातो.

तुझी दुसरी शाळा सरकारी. ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडते आणि २६ तारखेला झेंडावंदनानंतर बंद होते. मनोरे! तीन थर, वर झेंडा धरलेली सगळ्यात हलकी पोरगी, समोर सरपंच, तलाठी आणि मोबाइल उगारलेले पालक. तिचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. खालच्या थरातली पोरं मुरमावर गुडघे टेकून, मनगटांवर दोन माणसांचं ओझं घेऊन उभी असतात, त्यांचा चेहरा फोटोत येत नाही. वर्षभर ज्यांनी एक हँडस्टँड केलेला नाही त्यांना पंधरा दिवसांत तिसऱ्या थरावर चढवणं हा प्रकार मला पटत नाही आणि मी तो माझ्या शाळेत बंद केला. दोन थर, खाली मॅट, चारही बाजूंना उभे राहणारे आधी ठरलेले. गावात नाराजी झाली. "मागच्या मॅडमच्या टायमाला तीन लागत होते जी," असं मला अजून ऐकवतात.

आणि तिसरी शाळा, जिचं नाव घ्यायला सगळे कचरतात. पोरगी घरात कमान करून चालायला लागली की आजी म्हणते, "काय डोंबाऱ्यावानी करते बाई." कोल्हाटी-डोंबाऱ्यांचे खेळ आता क्वचितच दिसतात, पण माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेली दोरी आणि तीवर काठी धरून चालणारी सात-आठ वर्षांची पोर हमखास असे. खाली बाप ढोलकी वाजवायचा. तुझा बीम १० सेंटिमीटरचा, तिची दोरी अंगठ्याएवढी. तिच्याखाली मॅट नव्हती. बाप ढोलकी वाजवता वाजवता दोरीखालून तिच्याबरोबर पुढे सरकत असे, नजर वर लावून. ते वाजवणं कमी आणि पहारा जास्त होता, हे मला फार उशिरा, स्वतः मुलांना आधार द्यायला लागल्यावर उमगलं. त्या पोरीला शाळा मिळाली नाही, पोटासाठी तिनं दोरीवर चालावं हे वाईटच. पण ज्या अंगच्या विद्येला तू पदकं देतंस तिला आम्ही पायरीवर पैसे टाकून हाकललं, आणि त्याच गावात आता मी घरोघर जाऊन सांगते की पोरीला उड्या मारायला पाठवा. आजी हसणार नाही तर काय करेल?

तुझ्या घराण्याचा तोरा मला थोडा कमी करायचा आहे. बर्लिनला हाझेनहायडेमध्ये १८११ साली फ्रीडरिश लुडविग यानने उघड्यावर आखाडा काढला, पॅरलल बार्स वगैरे तिथलेच, तिथून तू जगभर गेलंस, असं आम्हाला शिकवलं. नेपोलियनने हरवलेल्या आपल्या पोरांना काटक करायचं, हा त्याचा हेतू. साधारण त्याच काळात इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर मल्लांना तयार करत होते. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान, सप्तशृंगीवरची उपासना, मारुतीने लाकडी खांबावर दाखवलेले डाव, ही कथा मल्लखांबाच्या प्रत्येक आखाड्यात सांगतात. कथेतलं किती घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं; मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहेच, तेव्हा देवधरांनी खांब शोधला नाही, विस्मरणात गेलेली विद्या पुन्हा उभी केली. राज्य तिकडेही जाऊन येऊन होतं, इकडे पेशवाई १८१८ला गेलीच. विद्या टिकली, कारण ती गुरूच्या हातातून शिष्याच्या अंगात जात राहिली.

गंमत पुढे आहे. आमच्या विदर्भात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा काढली, तीच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि त्यांनी तिथे कबड्डी, मल्लखांबाची प्रात्यक्षिकं केली. म्हणजे तुझ्या माहेरच्या अंगणात आमच्या वऱ्हाडातले गडी खांबावर चढून आले. तिथे तेव्हा स्वस्तिकाचे झेंडे फडकत होते हेही विसरायचं नाही.

म्हणून मला कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी पोराचं वय बघते. सहा-सात वर्षांचं असेल आणि नागपूरला मामा असेल तर तुझ्याकडे पाठव म्हणते. पाचवी-सहावीत असेल तर जमिनीवरचं सगळं इथेच शिक आणि जोडीला मल्लखांब कर. पुरलेला खांब सागवानाचा किंवा शिसवीचा, अंगाला एरंडेल तेल, पोरींना दोरीचा. पूर्वी वेत असे, आता सुती दोरी. खेलो इंडियात आणि राष्ट्रीय स्पर्धांत मल्लखांब आला आहे, हिमानी परब आणि सागर ओव्हाळकर यांना त्यासाठी अर्जुन पुरस्कार मिळाले, त्यामुळे आता कुणी त्याला नुसती कसरत म्हणून नाक मुरडत नाही. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींनाही दोरीवर चढवलं. जिला दिसत नाही तिला अढी, म्हणजे पायांची पकड, कशी दाखवणार? तिचा पाय हातात घेऊन दोरीभोवती फिरवून द्यायचा, मग तिने शिक्षकाचा किंवा मैत्रिणीचा पाय चाचपून बघायचा. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. माझ्या मते अंधांना शिकवता आलं त्याच दिवशी त्यांची परीक्षा झाली होती.

दीपा कर्माकरचं नाव मात्र मी वर्गात रोज घेते, आणि ते तुझ्या खात्यात जमा कर. आगरतळा काही मुंबई नव्हे. सहाव्या वर्षी आली, तळपाय सपाट, जे तुझ्या दृष्टीने वैगुण्यच. बिश्वेश्वर नंदी सरांनी भंगारातल्या स्कूटरचे भाग लावून सरावाचं साधन बनवलं होतं. २०१६ला रिओत ती ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. आपल्या देशाचा जिम्नॅस्ट त्याआधी ऑलिंपिकला गेला होता तो १९६४ साली. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत तिने प्रोदुनोव्हा मारली, १५.०६६ गुण, चौथी, कांस्य ०.१५ने हुकलं. पोरींना ते चौथेपण फार लागतं. मी त्यांना दाखवते ते दुसरंच. प्रोदुनोव्हा म्हणजे टेबलवर हात टेकून हवेत पुढे घेतलेल्या दोन कोलांट्या. हनुवटी बघा कुठे आहे, पाठ बघा. पळसाचं पान तिथेही पडलं नसतं.

आता थोडं कडू.

तू तुझ्या पोरींना सांभाळलं नाहीस. अमेरिकेच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत राहिला. २०१८च्या जानेवारीत मिशिगनच्या कोर्टात दीडशेहून अधिक मुली आणि बायकांनी त्याच्यासमोर जबाब दिले, त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. सिमोन बाइल्ससारखीनेही आपल्याबरोबर हे घडल्याचं सांगितलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, आईबाप दाराबाहेर बसलेले असताना. त्या मुलींनी आधी सांगितलं होतं, आणि मोठ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या गावातल्या आया ज्याला नुसतं ‘नको’ म्हणतात त्या ‘नको’त नुसतं अडाणीपण नाही. हाताशिवाय तू शिकवता येत नाहीस आणि हात हीच धोक्याची जागा आहे, असा तुझा पेच. तो तुझ्या नियमावलीने सुटेल तेव्हा सुटो, मी माझ्यापुरता असा सोडवला आहे: हात लावण्याआधी कुठे आणि कशासाठी लावणार हे बोलून दाखवायचं. आईला एकदा तासाला बोलावून तिच्यासमोर करून दाखवायचं. एकटीचा सराव कधीही नाही, निदान तीन मुली तरी असल्याच पाहिजेत. मुलगी ‘मॅडम, नको’ म्हणाली की त्या क्षणी हात बाजूला, कारण विचारायचं नाही. आणि दार उघडं. आमचा हॉलच नाही, त्यामुळे दाराचा प्रश्न आपोआप मिटला.

कपड्यांवरून घराघरात होणारी भांडणंही तुझ्यामुळेच. आईने टीव्हीवर लिओटार्ड पाहिलेला असतो. मी तिला सांगते, ताई, जर्मनीच्या मुली २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये घोट्यापर्यंतचा पोशाख घालून खेळल्या, आणि नियमात ते बसतं. आपल्याला लेगिंग आणि अंगाबरोबरचा टीशर्ट पुष्कळ झाला. ढगळ सलवार मात्र नको, माझी बोटं तिच्यात अडकतात आणि गुडघा वाकलेला दिसत नाही. बांगड्या, पैंजण, गळ्यातला काळा दोरा, सगळं काढून डब्याच्या झाकणात ठेवायचं. दोरा काढायला आया तयार नसतात, मग तो दंडाला घट्ट बांधून वर पट्टी लावायची तोड आम्ही काढली. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही ते मुलीनं ठरवावं, मला कळवायचीही गरज नाही.

बापांचा प्रश्न वेगळा. "पोलीस भरतीत कामी येते का जी?" आमच्या जिल्ह्यात पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं बघ, सगळी भरतीची. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. तिथे तुझी कोलांटी कुणी विचारत नाही. दहावीच्या वाढीव गुणांचं आणि नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं मी सांगू शकते, पण त्यासाठी वरच्या स्पर्धांत चमकावं लागतं आणि बारा वर्षांच्या, नुकतंच उतरायला शिकलेल्या पोरीला मी असलं गाजर दाखवणार नाही. तिच्या बापाला मी एवढंच म्हणते की तुमची पोरगी पडली तर आता तोंडावर पडणार नाही. काहींना हे पुरतं. बऱ्याच जणांना पुरत नाही, आणि ते रास्तच आहे, कारण धानाच्या चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने थांबणाऱ्या माणसाला नुसत्या तोलाचं कौतुक कुठून असणार.

तर पत्र अनावृत का लिहिलं ते सांगते. ठाण्याला पूजा सुर्वे आहेत, स्वतः रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय खेळाडू, त्यांच्या हाताखाली संयुक्ता काळेसारखी मुलगी तयार होते. खेळलेली बाई पुढच्या मुलीला शिकवते, ती तिच्या पुढचीला. ही साखळी आमच्या वरठी स्टेशनावर विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरत नाही. आमच्याकडे ती मुळापासून लावावी लागेल, आणि ती साधनांच्या टेंडरने लागणार नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर असे सात तालुके. तालुक्याला दोन शिक्षिका धरल्या तर चौदा जणी. तेवढ्यांना धाडायला जिल्हा क्रीडा कार्यालयाला, जिल्हा परिषदेला आणि एखाद्या दानशूर राइस मिलवाल्याला मिळून किती खर्च येईल, याचा हिशोब मांडून बघायला हरकत नाही. बीम त्यानंतर मागू. पहिल्या रांगेत माझं नाव घाला, घरी सासूबाईंना मी समजावीन.

तुला यायचंच असेल तर रोवणी आटोपल्यावर, पोळ्याच्या पुढे ये. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारनंतर मैदान मोकळं. बॅडमिंटनच्या दोऱ्या काढून ठेवते. दिवाळीनंतर मात्र कुठल्या गावाची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, कधी आहे ते आधी विचारून घे. त्या दिवशी दुपारी कबड्डी आणि रात्री दंडारीचा खेळ असतो, माझी एकही पोरगी तासाला यायची नाही आणि मीही नाही.

तुझी,
मोहाडी तालुक्यातली एक शिक्षिका